तिसरी-चौथीची खोली

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी कशी झाले ते सांगितलं की लोक हसतात. पालकसभा होती. मोठ्या बाई म्हणाल्या, अध्यक्ष पालकांमधलाच लागतो, कोण होतंय? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला कामाला पोचायचं होतं, म्हणून मी तेवढी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. वर असलेली मान एकटी माझीच. "तुम्ही कराल ना?" असं मोठ्या बाईंनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवायला आमच्याकडे कुणी मागे राहत नाही.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शहाडहून रोज यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पिशवीत डबा आणि डब्याशेजारी स्वतःच्या पैशाने घेतलेले खडू. शाळा पालिकेची, मराठी, पहिली ते चौथी, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. पुढे पहिलीची आणि दुसरीची खोली, त्यांच्यासमोर व्हरांडा, एका बाजूला मोठ्या बाईंचं कपाटाएवढं ऑफिस, आणि मागच्या अंगाला तिसरी-चौथीची एकत्र खोली. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता.

मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी शेटच्या दुकानात हिशेब बघते. जमाखर्च हा माझ्या डाव्या हातचा मळ. पण शाळेला पैसे कुठून येतात हे मला अध्यक्ष होईपर्यंत धड माहीत नव्हतं. माझी समजूत अशी, की घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते, ती आपण भरतो, म्हणजे ते पैसे आपल्या शाळेचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांची तीच समजूत होती आणि त्या जोरावर आम्ही पालिकेला शिव्या घालायचो. पालिकेच्या शिक्षण विभागातल्या मॅडमनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "अहो, तो कर आम्ही फक्त गोळा करतो. तो पुढे सरकारकडे जातो." मला फसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी शिव्या चुकीच्या पत्त्यावर पाठवत होते.

हळूहळू कळत गेलं. मास्तर-बाईंच्या पगाराचा मोठा वाटा सरकार देतं. खडू, डस्टर, विजेचं बिल यांसाठी थोडी रक्कम येते, तिला सादिल म्हणतात, आणि ती पटावर ठरते. मुलं जास्त तर सादिल जास्त, मुलं गळाली तर सादिल गळालं. इमारतीचं मात्र सगळं पालिकेच्या अंदाजपत्रकावर. आणि अंदाजपत्रकात पाणी, रस्ते, गटारं, कचरा, दिवे यांची ताटं वाढून झाली की मग शाळा. शाळा म्हणजे घरातली ती सून, जी सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल त्यावर जेवायला बसते. बदलापूर वाढतंय तसे नवे टॉवर उभे राहतात, नव्या टॉवरना नवे रस्ते लागतात, नवे नळ लागतात. टॉवरमधली मुलं पालिकेच्या शाळेत येत नाहीत. मग शाळेसाठी भांडणार कोण?

दुरुस्तीसाठी जी काही रक्कम ठेवतात, ती सगळ्या शाळांत वाटायची. त्याची रीत अशी, की थंडीच्या दिवसांत पालिकेचे इंजिनिअर प्रत्येक शाळा बघून जातात, कुठली किती खराब आहे ते लिहून देतात, आणि जी सर्वांत खराब तिचा नंबर पहिला. ऐकायला अगदी न्यायाचं आहे. आहेच न्यायाचं. मी आजही त्याला नाव ठेवत नाही.

आमची मागची खोली खराब होती. छताच्या सळ्या दिसत होत्या आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत एक तडा गेला होता. तडा एवढा रुंद, की पोरं त्यात पेन्सिली ठेवायची. बाई फळ्याकडे वळल्या की कुणीतरी त्यात बोट घालून दाखवायचं. खोली आणखी बिघडली तर तिसरी-चौथीची मुलं पूर्वेकडच्या पालिकेच्या शाळेत हलवणार असं कानावर होतं. पूर्वेची शाळा म्हणजे बाजारातून जायचं, रेल्वेचा पूल चढायचा, पलीकडे उतरून पुन्हा बरंच चालायचं.

माझ्या मुलाचं काही अडणार नव्हतं. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तो सरळ म्हणाला, "एवढं काय डोकं लावतेस? याला इंग्लिश मिडियमला टाकू, गाडी दारात येते." आम्हाला पळायला दार होतं. शेजारणीला नव्हतं.

शेजारीण जालन्याकडची. सकाळी अंधार असताना टॉवरमध्ये घरकामाला जायची ती दुपार उलटल्यावर परतायची. नवरा बिगारीवर, कधी इथे, कधी पार वांगणीकडे. तिची थोरली माझ्या मुलाच्या वर्गात, तिसरीत, आणि धाकटी पहिलीत. थोरली धाकटीला आंघोळ घालायची, तिच्या दोन वेण्या घालायची, हात धरून शाळेत आणायची, मधल्या सुट्टीत दोघी एकत्र जेवायच्या आणि सुटल्यावर हात धरून घरी. एवढ्याशा मुलीने घर पेललं होतं, आणि वर पाढे सगळ्यांच्या आधी पाठ. मुलांना पूर्वेला हलवायची कुणकुण लागली तेव्हा शेजारीण माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "ताई, मोठी पल्याड गेली तं धाकटीला कोण बघंल? म्या कामं सोडली तं खायाचं काय? मोठीला घरीच ठेवावं लागंल मला."

ती हे रडून बोलली असती तर मी समजूत घातली असती. ती रडत नव्हती. भाजी महाग झाली सांगावं तसं सांगत होती, आणि मला तिचा राग आला, आणि लगेच स्वतःच्या रागाचाही राग आला. मी म्हटलं, "थांब. खोली दुरुस्त करून घेऊ." अध्यक्ष होते ना मी!

इंजिनिअर साहेब येणार असा निरोप आला आणि मोठ्या बाईंनी समितीला बोलावलं. आता मला सांगा, घरी पाहुणा येणार म्हटल्यावर कुठली बाई घर आवरत नाही? आम्ही शाळा आवरली. दोन रविवार गेले. पालकांनी वर्गणी काढली. एकाने चुना आणला, एका रंगाऱ्याने ब्रश चालवला. बायकांनी फरशी सोड्याने घासली. व्हरांड्याच्या खांबांवर मुलांनी वारलीची चित्रं काढली. मागच्या खोलीत मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, तड्याकडे बघत. "हे फारच वाईट दिसतंय," म्हणाल्या. मग ऑफिसातला महाराष्ट्राचा मोठा नकाशा काढून आणला आणि तो त्या तड्यावर टांगला. अगदी बरोबर बसला. आम्ही सगळ्या खूश. वरच्या सळ्या दिसू नयेत म्हणून पताका लावल्या. आपण नेमकं काय करतोय हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेल्या.

साहेब आले. दारात रांगोळी, मुलींनी ओवाळलं, मोठ्या बाईंनी गुलाबाचं फूल आणि श्रीफळ दिलं. कांदेपोहे माझ्या घरून गेले होते. साहेब भला माणूस, चेहऱ्यावर संकोच, एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात नारळ. सगळीकडे बघत फिरले. मागच्या खोलीत मुलं उभी राहून "नमस्ते" म्हणाली. साहेब म्हणाले, "इतकी देखणी शाळा आपल्या पालिकेत दुसरी नाही." मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ऑफिसात चहा घेताना त्यांनी विचारलं, "काही अडचण, बाई?"

आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "नाही नाही साहेब, तुमच्या कृपेने सगळं ठीक आहे."

सवयीने म्हणाल्या. दारी आलेल्या माणसाने कसं काय विचारलं तर आपण बरं आहे म्हणतो, ताप अंगात असला तरी. मी बाजूलाच बसले होते. तडा दाखवायचा आहे हे मला पक्कं आठवत होतं, पण त्यांच्या हातात बशी होती. म्हटलं, आधी चहा होऊ दे, खाल्ल्या घासावर रडगाणं नको. चहा होईपर्यंत त्यांचा फोन वाजला, कुठे तरी पाइप फुटला होता, आणि साहेब नारळासकट गेले.

पुढे अंदाजपत्रक मंजूर झालं तेव्हा आमच्या शाळेच्या नावापुढे किरकोळ देखभाल होती. किरकोळ देखभाल म्हणजे रंगकाम. ज्या भिंती आम्ही आमच्या पैशाने रंगवल्या त्याच भिंतींना पालिका आता पुन्हा रंग देणार होती. नवी खोली मिळाली होती बदलापूर गावाच्या पलीकडे डोंगराकडच्या वाडीतल्या शाळेला.

त्या दिवशी दुकानात माझी बेरीज तीनदा चुकली. शेटनी विचारलं तसं मी सगळं भडाभडा सांगितलं. माझं ऐकून ते आधी पोट धरून हसले. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"अरे बाबा, अपने दुकान में नाले का पानी घुसा था, याद है? तब तुम पोछा लेके खडी हो गई थी. मैंने क्या बोला था?"

आठवलं. शेट ओरडले होते, की विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत एक खुर्ची हलवायची नाही. फुगलेलं प्लाय, चिखलात बसलेले सोफे, सगळं तसंच ठेवून ते दारात स्टूल टाकून बसले होते, आणि मला ते फार अशुभ वाटलं होतं.

"माल बेचना है तो सजाओ," शेट म्हणाले. "नुकसान दिखाना है तो नुकसान दिखाओ. तुम लोग नुकसान को हार पहनाते हो, मॅडम."

खोटं काय होतं त्यात? पण हे शाळेच्या बाबतीत ऐकताना अंगाला झोंबलं. सोफा आणि शाळा एक नव्हे, असं मी पुटपुटले. शेटनी माझ्यासाठी चहा मागवला आणि बेरजेचा कागद स्वतःकडे ओढला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पालिकेत गेले. शिक्षण विभागातल्या मॅडम फायलींच्या आडून दिसत होत्या. मी आवाज चढवूनच सुरुवात केली. आमची भिंत पडायला आलीय, पोरांच्या डोक्यावर सळ्या लटकतायत आणि तुम्ही रंग कसला देताय? निदान ते रंगाचे पैसे तरी भिंतीला लावा.

"लागत नाहीत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "रंगाचं लेखाशीर्ष वेगळं, बांधकामाचं वेगळं. एका डब्यातलं दुसऱ्यात टाकायचं तर ठराव लागतो. आणि बांधकामाच्या डब्यात यंदा एकच खोली बसते."

"मग ती आमची का नाही?"

त्यांनी चष्मा काढला. चिडल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. "ताई, तुमची द्यायची तर त्या वाडीची काढायला लागेल. मी इथे बसून कागद बघते. तुम्ही जाऊन शाळा बघून या आणि मला सांगा. तुम्ही म्हणाल तर मी वरती शब्द टाकते."

मी तरातरा खाली उतरले ते थेट रिक्षाच केली. रस्ताभर मनात भांडणाची तयारी चालली होती. त्या वाडीवाल्यांची कुणीतरी नगरसेवकाशी सोयरीक असणार, कुणीतरी पाय धरले असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. रिक्षावाला म्हणाला, पुढे रस्ता नाही, इथून चाला. चालले.

शाळा दिसलीच नाही. जिथे शाळा असायला हवी होती तिथे जोतं होतं आणि एका बाजूची भिंत. पाढ्यांचा आवाज मात्र येत होता. शेजारच्या देवळाच्या सभामंडपात मुलं बसली होती, फळा घंटेच्या खांबाला टेकवलेला. एक म्हातारी गाभाऱ्यात दिवा लावून मुलांच्या मधून वाट काढत बाहेर येत होती. मी तिथल्या एका आईला विचारलं, साहेब आले तेव्हा तुम्ही काय केलं होतं?

ती गोंधळली. "काय करनार? पोरां देवलान बसलेली, साहेबानी बघितली. आमच्याकडं झाडाया बी जागा नाय, बाय."

मी तिथे भांडायला गेले होते आणि त्यांच्या सभामंडपात मांडी घालून त्यांचं पाणी पिऊन आले. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात. या लोकांनी रडणंसुद्धा केलं नव्हतं. त्यांच्या मुलांच्या वाटची खोली ओढून घेऊन मी माझ्या शेजारणीच्या मुलीला द्यावी का? शेजारणीची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. आता ही वाडी पण डोळ्यांसमोर आली. त्याआधी ती मला कागदावरचं एक नाव होती, आणि कागदावरच्या नावाचं काढून घेणं किती सोपं असतं! घरी येताना मला त्या मॅडमच्या खुर्चीची भीती वाटली. रोज कुणाचं तरी काढल्याशिवाय तिथे कुणाला काही देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. म्हटलं, "त्यांचं काढू नका. पण आमच्याकडे माणूस परत पाठवा." मॅडम म्हणाल्या, "पाठवते."

या वेळी मोठ्या बाईंची समजूत घालायची होती. मी गेले तेव्हा त्या व्हरांड्यात उभ्या राहून पोरांची नखं तपासत होत्या. मी सांगितलं, बाई, या खेपेला काही सजवायचं नाही, आहे तसं राहू द्या, धूळ असली तर धूळ. त्यांचा चेहरा लाल झाला. पहिल्यांदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं.

"मुलांना मी रोज स्वच्छता शिकवते. त्यांच्यादेखत घाण ठेवू? मी झाडणार म्हणजे झाडणार. कचरा म्हणजे काही तडा नव्हे."

बरोबर होतं त्यांचं. मग त्या आत गेल्या, खुर्ची ओढून तिच्यावर चढल्या आणि नकाशा स्वतःच्या हाताने उतरवला. गुंडाळताना म्हणाल्या, "लाज वाटते हो. चांगल्या घरातलं फाटकं लुगडं बाहेर वाळत घातल्यासारखं वाटतं."

साहेब आले. तेच साहेब. व्हरांडा झाडलेला होता, रांगोळी नव्हती, नारळ नव्हता. त्यांनी ऑफिसात टेकता टेकता विचारलं, "काही अडचण, बाई?" मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात त्या उभ्या राहिल्या. "आहे साहेब. या. चहा नंतर."

मागच्या खोलीत साहेबांनी तड्यात हात घातला. हाताचा पंजा आत गेला. वर बघितलं. पाय आपटून जमीन बघितली. मुलं टकामका बघत होती.

"हे मागच्या वेळी का नाही दाखवलंत?"

"मागच्या वेळी तुम्ही पाहुणे होतात," मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. मग त्यांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "ही खोली पुढच्या अंदाजपत्रकात नक्की धरायला सांगतो. पण आजपासून इथे एकही मूल बसता कामा नये. आत्ता बाहेर काढा. मुलांची सोय पूर्वेला करावी लागेल."

आम्ही सगळा विचार केला होता, हा सोडून. लपवलं तर पैसे गेले आणि दाखवलं तर खोली गेली. मला वाटलं, शेटच्या दुकानात सर्व्हेअरने सोफे बघून दुकानच बंद करायला सांगितलं असतं तर? मुलं दप्तरं घेऊन रांगेने बाहेर आली. थोरली शेवटी होती. ती रांगेबरोबर न जाता सरळ पहिलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आत धाकटीला बघत.

तिला तिथे उभी पाहिलं आणि माझा ताबा सुटला. मी साहेबांना म्हटलं, व्हरांडा पडणार आहे का? नाही? ऑफिस पडणार आहे का? नाही ना? मग ही मुलं याच आवारात बसतील. साहेब म्हणाले, व्हरांड्यात वर्ग भरत नसतो. मी म्हटलं, देवळात भरतो, मी बघून आलेय. मोठ्या बाई तोवर ऑफिसातलं आपलं टेबल ढकलायला लागल्या होत्या. दोन आयांनी ते उचलून पहिलीच्या खोलीच्या कोपऱ्यात नेलं. मॅडमना फोन झाला, मोठ्या बाईंनी जबाबदारी घेतली, साहेबांनी व्हरांड्याचं छत ठोकून बघितलं आणि तसं लिहून दिलं. मग कुठे चहा झाला. शेजारीण कामावरून आली तेव्हा मी तिला सांगितलं, की थोरली इथेच आहे. ती फक्त "बरं झालं ताई" म्हणाली आणि पदराने तोंड पुसत आत गेली. मला तेवढं पुष्कळ झालं.

थोरलीची चौथी व्हरांड्यात झाली. तिसरी ऑफिसात दाटीवाटीने, चौथी बाहेर. ऊन आत येऊ नये म्हणून आम्ही बायकांनी हिरवी जाळी शिवून बांधली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला की बाई थांबायच्या आणि तो लांब गेला की पुढचं वाक्य सांगायच्या. वारा सुटला की वह्यांची पानं उडायची. काही पालकांनी मुलं काढून नेली. त्यांना मी दोष देत नाही. पट उतरला, तसं सादिलही उतरलं. जाळीची दोरीसुद्धा मग आम्हीच आणली. नवरा रोज दाराशी येणाऱ्या गाडीचं बोलायचा. मी मुलाला काढलं नाही. त्याला धाप लागेपर्यंत धुळीत शिंकताना पाहिलं की वाटायचं, आपण हे कुणाच्या हट्टापायी करतोय? मग सकाळी दोन बहिणी हात धरून माझ्या दारावरून जायच्या आणि मी त्यालाही त्यांच्यामागे पिटाळायचे.

अंदाजपत्रकात आमची खोली आली. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. मी दुकानात एवढ्या मोठ्याने ओरडले, की पलंग बघायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. शेट म्हणाले, "अब चाय तुम पिलाओ." मी पाजला. मला वाटलं, झालं. पण मंजुरी म्हणजे वीट नव्हे. मंजुरीनंतर निविदा, निविदेनंतर फेरनिविदा, मग कंत्राटदार, मग वाळू नाही, मग माणसं गावाला गेली. कुणी खाल्लं, कुणी अडवलं असं काही नव्हतं. प्रत्येक पायरी कुठल्या तरी चांगल्या कारणासाठीच होती. हे मला आता कळतं आणि तरीही माझं डोकं तापतं. पालिकेचा न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी ओढता येतो. चौथी पुढे ओढता येत नाही. मूल काही ठरावाची वाट बघत त्याच वयात थांबत नाही.

खोली पुरी झाली तेव्हा नवीन वर्ष सुरू झालं होतं. माझा मुलगा पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला. थोरलीही पाचवीत, पूर्वेच्या पालिकेच्या शाळेत, दुपारच्या पाळीला. आता ती पूल एकटी चढण्याएवढी झाली होती आणि धाकटी आपली आपण वेणी घालण्याएवढी. शेजारणीने तिला घरी ठेवलं नाही, ठेवायची वेळच आली नाही. जे वाचवायचं होतं ते वाचलं, हे मी स्वतःला सांगत होते.

खोली उघडली त्या सकाळी मला मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. समितीवर मी आता नव्हते. फीत वगैरे काही नव्हती. उजेड भरपूर, सरळ भिंती, गुळगुळीत फरशी, नवे बाक. मुलं आत शिरली आणि जागेवरून भांडायला लागली. थोरली धाकटीला सोडायला आली होती. तिथूनच पुढे आपल्या शाळेला जायची होती, म्हणून तिच्या पाठीला पाचवीचं जड दप्तर होतं. ती दारात घुटमळली. मी म्हटलं, "ये ना आत, बघ तरी."

ती चपला काढून आत आली. भिंतीवरून हात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेली. मग पहिल्या बाकावर, खिडकीजवळ, दप्तरासकट टेकली. दोन्ही हात बाकावर ठेवून ती फळ्याकडे बघत राहिली, शिकवायला सुरुवात व्हायची वाट बघावी तशी. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं होतं.

धाकटी पळत आली आणि तिचा दंड ओढायला लागली. "ताई, ऊठ ना. हा आमचा वर्ग आहे."

थोरली हसून उठली आणि तिने धाकटीला जागा करून दिली. मला हसता आलं नाही.